असल उत्तरची लढाई टेबलावर मांडताना: आधी नकाशा, मग रणगाडे

प्रश्न थोडक्यात असा आहे: युद्धखेळासाठी ६ मिमी मापाचे छोटे रणगाडे जमवले आहेत, १९६५ च्या भारत-पाक युद्धातली, पंजाबातल्या खेमकरणजवळची असल उत्तरची लढाई टेबलावर मांडायची आहे, पण दर वेळी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे भारतीय बाजूला सहज चिरडून पुढे जातात आणि इतके होऊनही दिवसभरात डाव संपत नाही. नियम बदलावेत का, माप बदलावे का, मॉडेल किती लागतील?

माप योग्य आहे, ते बदलू नका. नियमांचे दुसरे पुस्तक आणूनही फारसा फरक पडणार नाही, कारण दोष मांडणीत आहे. तुमच्या टेबलावर हिरवे सपाट कापड, चार-पाच गावे, एक रस्ता आणि दोन्ही बाजूंचे सगळे रणगाडे पहिल्या टर्नपासून, म्हणजे पहिल्या पाळीपासून, उघड्यावर. अशा जागी ९० मिमी तोफेचा पॅटन जिंकणारच. खेमकरणच्या परिसरात सप्टेंबर १९६५ मध्ये तशी जागाच नव्हती. उभा ऊस, कालव्याचे पाणी सोडून चिखल केलेली शेते, दबा धरून बसलेले भारतीय रणगाडे आणि समोर काय आहे याचा अंदाज नसलेले पाकिस्तानी कमांडर, हे सगळे टेबलावर आले की निकाल आपोआप बदलायला लागतो. मोठी लढाई छोट्या मापात आणायची म्हणजे आधी अंतर, वेळ आणि माहिती छोटी करायची. रणगाड्यांचा क्रम त्यानंतरचा.

लढाई कशी झाली हे दोन परिच्छेदांत सांगतो, कारण पुढचा प्रत्येक नियम तिथूनच आला आहे. भारताच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनची सुरुवातीची चढाई फसली आणि मेजर जनरल गुरबख्श सिंग यांनी तिला मागे घेऊन असल उत्तर आणि चीमा या गावांभोवती बचावाची फळी उभारली. तिच्या जोडीला ब्रिगेडियर थिओगराज यांची दुसरी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड होती. त्यात ३ कॅव्हलरी या रेजिमेंटकडे सेंच्युरियन रणगाडे, ९ डेक्कन हॉर्सकडे शर्मन आणि ८ कॅव्हलरीकडे हलके एएमएक्स-१३. सेंच्युरियन सोडला तर समोरासमोर पॅटनला तोंड देईल असे यात काही नव्हते. डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, मूळचे अलिबागचे, पुढे लष्करप्रमुख झाले. या लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळाले.

पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन एम-४७ आणि एम-४८ पॅटन घेऊन ८ सप्टेंबरपासून या फळीवर येत राहिली. भारतीय बाजूच्या जवळपास दुप्पट रणगाडे तिच्याकडे होते. पण रोही नाल्यावरच्या पुलांवरून ते टप्प्याटप्प्यानेच येऊ शकले. समोरून वाट मिळेना म्हणून बगलेने वळसा घालायचा प्रयत्न झाला आणि तिथे घोड्याच्या नालेच्या आकारात लपवलेल्या सेंच्युरियनच्या तोफांपुढे पॅटन आले. १० सप्टेंबरला मोठा तडाखा बसला. भारतीय मोजणीनुसार पाकिस्तानने ९७ रणगाडे गमावले, आणि त्यातले कित्येक फुटलेले नव्हते. चिखलात रुतले किंवा इंधन संपले म्हणून सोडून दिलेले होते. भिखीविंडजवळ ते रांगेने उभे केले तेव्हा त्या जागेला लोकांनी पॅटननगर म्हटले.

आता गणित. १/७२ मापात १००० मीटरचे अंतर जवळपास १४ मीटर होते, म्हणजे हॉलसुद्धा पुरणार नाही. १/२८५ मध्ये, ज्याला आपण ६ मिमी म्हणतो, तेच अंतर साडेतीन मीटर होते. म्हणजे मॉडेलचे माप आणि जमिनीचे माप एकच ठेवणे ६ मिमीतही शक्य नाही. दोन्ही मापे वेगळी ठेवावीच लागतात, आणि ती एकमेकांशी कशी बसवायची यावर डावाचा तोल ठरतो. मी १ सेमी म्हणजे ५० मीटर धरतो. सहा बाय चार फुटांच्या टेबलावर मग ९ किमी बाय ६ किमी प्रदेश बसतो. खेमकरण, चीमा, असल उत्तर आणि पश्चिमेकडचा वळशाचा मार्ग एवढे त्यात येते.

या मापाची खरी गंमत अशी की पॅटनचे ६ मिमी मॉडेल साधारण २४ मिमी लांब असते. जमिनीच्या मापात ते १२० मीटर होतात. शेतात ४०-५० मीटर अंतर ठेवून चालणाऱ्या ३ रणगाड्यांच्या ट्रूपला तेवढीच जागा लागते. म्हणजे एक मॉडेल एक ट्रूप दाखवते, आणि डोळ्यांना जे दिसते तेच नियमांत असते. एक मॉडेल म्हणजे एक रणगाडा धरलात की ते एकटे मॉडेल १२० मीटर जागा अडवून बसते, रांगा एकमेकींना चिकटतात आणि टेबलावर वाहनतळ दिसायला लागतो. तुमच्या वर्णनावरून सध्या तेच होत आहे. १/६०० म्हणजे ३ मिमी मापात जायचे असेल तर ३ सेमीच्या चौकोनी बेसवर, म्हणजे तळाच्या तुकड्यावर, तीन छोटे रणगाडे चिकटवा. बेस १५० मीटरचा होतो आणि ट्रूप खराखुरा ट्रूप दिसतो. दिसायला मला ते जास्त आवडते, पण तुमच्याकडे ६ मिमी आहेतच, तर तेच वापरा.

भारतीय आर्मर्ड रेजिमेंटमध्ये ४५ रणगाडे: प्रत्येकी १४ ची तीन स्क्वाड्रन आणि मुख्यालयाचे ३. एका मॉडेलला एक ट्रूप धरला की रेजिमेंट १५ मॉडेलची होते. तीन रेजिमेंट मिळून ४५. पाकिस्तानच्या बाजूने हिशेब ऐंशीच्या पुढे जातो, पण तितके पॅटन विकत घेऊ नका. पुलांवरून येणारा ओघ मर्यादित होता, त्यामुळे टेबलावर एका वेळी दोन रेजिमेंटपेक्षा जास्त पॅटन नसतात. ३०-३५ मॉडेल पुरतात. पहिल्या लाटेत बाद झालेली मॉडेल पुढच्या लाटेत परत आणा. यात खर्च तर वाचतोच, शिवाय पाकिस्तानी खेळाडूला आपली सगळी ताकद एकदम कधीच हाताशी मिळत नाही. ती तिथेही मिळाली नव्हती.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा रेंगाळतो.

पॅटनचे बळ लांब पल्ल्यात होते. अंतर मोजणारा स्टिरिओस्कोपिक रेंजफाइंडर, ९० मिमी तोफ, जाड चिलखत. उघड्या मैदानात १५०० मीटरवर त्याच्याशी ७६ मिमीच्या शर्मनने टक्कर द्यायची म्हणजे जीव द्यायचा. पण सप्टेंबरात उसाच्या शेतात बुरुजावरून दिसते किती? काही शे मीटर. मी उसातल्या, न हललेल्या आणि न गोळी झाडलेल्या बेसची (एक बेस म्हणजे एक ट्रूप) दृश्यता ४०० मीटर, म्हणजे टेबलावर ८ सेमी ठेवतो. उघड्यावर ३० सेमी. एवढा एकच नियम घातला की पॅटनचे निम्मे श्रेष्ठत्व गळून पडते, आणि त्यासाठी शर्मनला कृत्रिम गुण द्यावे लागत नाहीत. ८ सेमीवर पहिला गोळा कोणाचा, एवढाच प्रश्न उरतो. लपून बसलेल्याचा पहिला गोळा, दोन फासे जास्तीचे. त्या अंतरावर ७६ मिमीची तोफही पॅटनच्या बाजूच्या पत्र्यातून आरपार जाते. चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये तपासणारे तक्ते या पातळीवर बाजूला ठेवा. ट्रूपची ट्रूपशी गाठ पडते तेव्हा कोण कोणाला आधी दिसला, कोण थांबलेला होता, कोणाची बाजू उघडी होती, या तीन गोष्टी पुरतात.

ही दृश्यता प्रामाणिक राहायची असेल तर भारतीय मॉडेल टेबलावर असताच कामा नयेत. नकाशाची एक प्रत पंचाकडे ठेवा. भारतीय खेळाडू आपल्या जागा त्या प्रतीवर पेन्सिलीने मांडतो, आणि पाकिस्तानी बेस ८ सेमीच्या आत आला किंवा भारतीय बेसने गोळा झाडला की पंच मॉडेल टेबलावर ठेवतो. प्रशियन अधिकारी राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये आपला युद्धखेळ प्रसिद्ध केला तो १:८००० च्या नकाशावर आणि पंचाच्या भरवशावरच. दोनशे वर्षांत याहून चांगला उपाय निघालेला नाही. पंच म्हणून एक माणूस खेळाबाहेर बसवायला बहुतेक गटांचा जीव होत नाही, पण असल उत्तरसारख्या लढाईत त्याच्याविना गत्यंतर नाही.

पाण्याचेही तसेच. ओली शेते टेबलावर निळी रंगवून ठेवलीत तर पाकिस्तानी खेळाडू शहाण्यासारखा त्यांना वळसा घालेल, आणि लढाई तिथेच मेली. टेबल मनातल्या मनात १ किमीच्या, म्हणजे २० सेमीच्या चौकोनांत वाटा. कोणत्या चौकोनात पाणी भरले आहे हे भारतीय खेळाडू डावाआधी पंचाला सांगतो, एकूण चौकोनांच्या साधारण एक तृतीयांश. रणगाडा आत शिरला की कळते. वेग निम्मा होतो, आणि प्रत्येक टर्नला एक फासा: १ पडला की बेस रुतला. रुतलेला बेस टेबलावरून उचलू नका. तो तिथेच राहतो, गोळे झाडू शकतो, मागून येणाऱ्यांची वाट अडवतो, आणि अंधार पडला की आतले जवान तो सोडून जातात. १० तारखेच्या संध्याकाळचे चित्र टेबलावर यायला हा एक नियम पुरतो.

तरी एक अडचण राहते: तुमचा पाकिस्तानी खेळाडू इतिहास वाचून आलेला असतो. ऊस बघितला की तो थांबणार. यावर उपाय म्हणजे लढाईचे नावच न सांगणे. नकाशा आरशात उलटा करा, गावांची नावे बदला, रेजिमेंटना अक्षरे द्या, ‘आज पुढचा पूल गाठायचा आहे, शत्रू कालच मागे हटला आहे’ एवढाच आदेश हातात द्या. असल उत्तरला पाकिस्तानी कमांडरचा समज साधारण हाच होता, समोरची डिव्हिजन मोडली आहे असा. तो समज खेळाडूच्या डोक्यात घातलात तर तो आपणहून वेगाने पुढे येतो.

आता वेळ आणि आदेश. डाव संपत नाही याचे कारण तुम्ही बहुधा काही मिनिटांच्या लढाईसाठी लिहिलेले नियम दिवसभराच्या लढाईला लावता आहात. एक टर्न अर्ध्या तासाचा धरा. सकाळी ७ ते संध्याकाळी ५ म्हणजे २० टर्न. प्रत्येकाला पाव तास दिलात तर पाच तासांत लढाई होते. अर्ध्या तासात रणगाडे रस्त्याने टेबलभर धावू शकतात, पण शत्रूच्या अंदाजाने चाचपडत शेतातून जाणारे दल १ ते दीड किलोमीटरच पुढे सरकते. म्हणून २० ते ३० सेमी, ऊस आणि पाणी असेल तर १० सेमी.

आदेश कागदावर लिहून घ्या. प्रत्येक रेजिमेंटला एक बाण आणि एक वाक्य: कुठून, कुठपर्यंत, कशासाठी. आदेश बदलायचा तर तो पोहोचायला पाकिस्तानी बाजूला ३ टर्न आणि भारतीय बाजूला १ टर्न. हा भेदभाव वाटेल, पण तो कारणाशिवाय नाही. भारतीय बाजू एका जागी बसून होती, तिच्या टेलिफोनच्या तारा टाकलेल्या होत्या, तोफखान्याचे पल्ले आधीच मोजलेले होते. चढाई करणाऱ्याला धुरळ्यात, उसात, बंद झाकणाच्या रणगाड्यातून रेडिओवर बोलायचे होते. बगलेकडे निघालेले दल ऐनवेळी मागे बोलावता येत नाही, आणि ते तसे येऊ नये यासाठीच हे ३ टर्न आहेत. खेळाडू चिडतात. चिडू द्या, डिव्हिजन कमांडरच्या खुर्चीत बसल्याचे ते लक्षण आहे.

पायदळाचे नियम बहुतेक रणगाडाप्रेमी उरकून टाकतात. इथे तसे करू नका. ८ तारखेला पॅटन भारतीय खंदकांवरून पुढे गेले, पण पाठोपाठ पायदळ नसल्यामुळे खंदक ताब्यात राहिले नाहीत आणि जवान आपल्या जागीच टिकून राहिले. म्हणून नियम सरळ: खंदकातले पायदळ फक्त रणगाड्यांनी हटत नाही. रणगाडे त्यांच्यावरून गेले तर दोघेही जिथल्या तिथे, आणि मागच्या बाजूने रणगाड्यांना धोका. पाकिस्तानी पायदळावर भारतीय तोफखान्याचा मारा झाला की ते त्या टर्नला रणगाड्यांपासून तुटते. या दोन ओळींनी चढाईची सगळी शिस्त विस्कटते, आणि ती तशीच विस्कटली होती.

४ ग्रेनेडिअर्स या पायदळाच्या बटालियनच्या जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफांविषयी थोडे वेगळे सांगायचे आहे. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी अशाच जीपवरून चीमा गावाजवळ एकामागून एक पॅटन टिपले आणि १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. कित्येक जण त्यांच्या नावाचे एक खास कार्ड करतात आणि त्याला अचाट गुण देतात. मला हे पटत नाही. त्यांचे धैर्य ज्या परिस्थितीत दिसले ती परिस्थिती टेबलावर आणणे हाच त्यांचा मान आहे. ही तोफ झाडली की मागे ज्वाला आणि धुळीचा लोट उठतो, जागा लगेच उघडी पडते, आणि जीपला चिलखत नसते. नियम असा: उसातून झाडा, फार जवळून झाडा, रणगाडा बाद होण्याची शक्यता मोठी, पण त्याच टर्नला जागा बदलली नाहीत तर उलट मारा चुकत नाही. दुसऱ्यांदा झाडायचे की निघायचे, हा निर्णय खेळाडूला स्वतः घ्यावा लागला की त्या माणसाने तो पुन्हा पुन्हा कसा घेतला असेल याची थोडी कल्पना येते.

जिंकणे-हरणे नष्ट झालेल्या रणगाड्यांवर मोजू नका. पाकिस्तानचा डोळा बियास नदीवरच्या पुलावर होता. तो गाठला असता तर अमृतसरमागचा रस्ता तुटला असता. म्हणून पाकिस्तानी खेळाडूला १० बेस उत्तरेकडच्या कडेने बाहेर काढायला सांगा. भारतीय खेळाडूने अंधारापर्यंत ते होऊ द्यायचे नाही, आणि आपले सेंच्युरियन निम्म्याहून जास्त राखायचे. राखीव सेंच्युरियन कधी सोडायचे हाच मग भारतीय खेळाडूच्या डावाचा कणा होतो. चांगला पुनर्खेळ दर वेळी इतिहासाचाच निकाल देत नाही. दहापैकी सहा-सात वेळा दिला, आणि उरलेल्या वेळी का दिला नाही हे बोट ठेवून सांगता आले, तर मांडणी बरोबर आहे असे मी समजतो.

जमिनीची ही गोष्ट पंजाबपुरती नाही. कुर्स्कच्या लढाईत प्रोखोरोव्हकाजवळ १२ जुलै १९४३ ला सोव्हिएत टी-३४ रणगाडे वेगाने उतरले आणि सोव्हिएत सैन्यानेच आधी खणलेल्या रणगाडाविरोधी चरात त्यांतले बरेच अडकले. टेबलावर तो चर नसेल तर त्या सकाळचे नुकसान कुठल्याही चिलखत-तक्त्यातून निघत नाही.

सामानाचे झटपट सांगतो. उसासाठी काथ्याचे पायपुसणे घ्या, चौकोनी तुकडे कापा, वरून फिकट हिरवा रंग कोरड्या ब्रशने फिरवा. ६ मिमीत याहून चांगला ऊस मी पाहिलेला नाही. नांगरलेल्या शेतासाठी तपकिरी कॉर्डुरॉय. पाणी उघड झालेल्या चौकोनावर ठेवायला ग्लॉस वॉर्निश मारलेले पातळ पुठ्ठ्याचे तुकडे. दोन्ही बाजूंचे रणगाडे हिरवट असल्यामुळे गोंधळ होतो. रणगाड्यांचा रंग तसाच ठेवा, बेसच्या कडा वेगळ्या रंगवा. पॅटन आणि सेंच्युरियन प्रत्यक्ष शेजारी-शेजारी बघायचे असतील तर अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा. पॅटनची उंची डोळ्यांनी पाहिली की उसाच्या वर त्याचा बुरुज का दिसत होता आणि लपायला तो का गैरसोयीचा होता हे लगेच कळते. रंग देण्याआधी हा फेरफटका कराच.

आणि सगळी लढाई पहिल्याच रविवारी मांडू नका. आधी ८ सप्टेंबरचा एक तुकडा घ्या: डेक्कन हॉर्सची शर्मनची दोन स्क्वाड्रन, खंदकात एक बटालियन, समोरून पाकिस्तानची २४ कॅव्हलरी ही एक रेजिमेंट. चार फूट बाय तीन फूट जागा, ८ टर्न, एक पंच. दृश्यता आणि आदेशांचे नियम तिथे घासून घ्या. ते बसले की १० तारखेचा दिवस. त्यानंतर १९७१ च्या बसंतरच्या लढाईकडे वळा. तिथे वैद्य ब्रिगेडियर होते आणि १६ वी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड त्यांच्या हाताखाली होती. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तिथेच १६ डिसेंबरला पडले. पण बसंतरला चढाई आपली होती आणि वाटेत पाण्याऐवजी सुरुंग होते, म्हणून वरचा चौकोनांचा नियम उलटा करावा लागतो: पट्टा दिसतो, फक्त इंजिनिअर्सनी किती खोलवर वाट साफ केली आहे ते कळत नाही, आणि ती पुरी व्हायच्या आत रणगाडे आत सोडायचे की थांबायचे हे तुम्हाला ठरवावे लागते.